हळदणकरांचा दिवा आणि सिनेमाचा उजेड

एका हातात दिवा घेऊन दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी ती स्त्री बेळगावच्या बहुतेक मराठी माणसांनी कॅलेंडरवर नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिलेली असते. चित्रकार सा. ल. हळदणकर, जन्म सावंतवाडीचा. म्हणजे आपल्याकडून आंबोलीचा घाट उतरला की लागणारं गाव. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्याच्या संग्रहातलं. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं आणि तैलरंगातलं समजतात. प्रत्यक्षात ते जलरंगातलं आहे. उजेड दाखवायची विद्या सिनेमाने चित्रकलेकडून कशी घेतली, हे समजायला या एका चित्रापाशी जरा रेंगाळावं लागतं.

कागद स्वतः प्रकाश देत नाही. कोरा पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी फार तर ९० टक्के परत पाठवतो, आणि काळ्यात काळा रंगही ३-४ टक्के परत पाठवतोच. म्हणजे चित्रातल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागेत २५-३० पटींचाच फरक शक्य. खरी ज्योत आणि खोलीचा कोपरा यांच्यात तो हजारो पटींचा असतो. तरी दिवा पेटलेला वाटतो, कारण आपला डोळा उजेड मोजत नसतो, शेजारच्या जागेशी ताडून पाहत असतो. हळदणकरांनी भोवतीचं सगळं दबवलं आणि ज्योत आपोआप उजळली.

दुसरी गोष्ट अंतराची. ज्योतीपासून एक वीत अंतरावर जेवढा उजेड पडतो, त्याचा पाव हिस्सा दोन वितींवर आणि जेमतेम सोळावा हिस्सा चार वितींवर. म्हणून हात झळाळतो आणि आकृती मागे मागे विझत जाते. बोटांमधली लाली तर विलक्षण आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतं, लाल प्रकाश मांसात विखुरत बाहेर पडतो. मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवलं की लगेच दिसेल.

फिल्मलाही उजेड-अंधाराचा मोठा पल्ला झेपत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे पेच तोच. ‘बॅरी लिंडन’ (१९७५) करताना दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक आणि छायालेखक जॉन अल्कॉट यांनी होगार्थ, गेन्सबरो अशा अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकारांची कामं डोळ्यांपुढे ठेवली आणि काही प्रसंग नुसत्या मेणबत्त्यांवर टिपले. त्यासाठी मूळ नासासाठी बनवलेली झाइसची एफ ०.७ लेन्स वापरली. एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं, म्हणून एफ १.४ च्या लेन्सच्या चौपट उजेड ती आत घेते. पण एवढ्या मोठ्या छिद्राने फोकसची खोली जवळजवळ उरत नाही. नट जरा पुढे झुकला की चेहरा धूसर. साहजिकच नटांना फार हलता येईना. त्या प्रसंगांतली चित्रासारखी स्तब्धता काही अंशी या लेन्सची देणगी आहे, आणि मला तो त्या सिनेमातला सर्वांत सुंदर योग वाटतो.

आपल्या भागात तर चित्रकार आणि सिनेमावाला एकच होता. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत. पडद्यावर महाल रंगवायचा तर उजेड कुठल्या बाजूने येतो ते आधी ठरवावं लागतं. त्यांनी कॅमेरा स्वतः घडवला, १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, आणि व्ही. शांताराम त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

आता कवडसा. काचेचं कौल बसवलेल्या जुन्या घरात चुलीचा धूर असला की उन्हाचा तिरपा खांब उभा राहतो. स्वच्छ हवेत तोच झोत बाजूने दिसत नाही. धुराचे, धुळीचे कण प्रकाश विखुरतात तेव्हाच तो डोळ्यांपर्यंत पोचतो. इटलीच्या कारावाज्जोने १६०० च्या सुमारास संत मॅथ्यूच्या चित्रात अंधाऱ्या भिंतीवर असा तिरपा उजेड सोडला, आणि छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारो त्या चित्राचं ऋण उघडपणे मानतात. म्हैसूरचे व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज के फूल’साठी (१९५९) आरशांनी ऊन स्टुडिओत वळवलं आणि तो प्रसिद्ध झोत उभा केला.

याच्या अगदी उलट खानापूरकडचा पावसाळी उजेड. ढगांनी आभाळ भरलं की सूर्याच्या लहानशा चकतीऐवजी सगळं आकाशच दिवा होतं, आणि दिवा जेवढा मोठा तेवढी सावलीची कड मऊ. ‘अपराजितो’च्या (१९५६) वेळी छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्टुडिओतल्या काशीच्या वाड्यावर पांढरं कापड ताणलं आणि त्यावरून दिवे परतवून हाच उजेड मिळवला. आपल्याकडे लघुपट करणाऱ्या मुलांना तो जूनपासून फुकट मिळतो. मात्र माणसाला उघड्यावर उभं केलं तर चेहरा सपाट येतो. त्याला दाराच्या आत, एका बाजूला काळोख राखून बसवावं. डच चित्रकार व्हर्मीर खिडकीशी माणसं बसवायचा, तसं.