मार्कंडेय नदी (वरचे खोरे व राकसकोप तलाव)

घटप्रभेची उपनदी. हिचा उगम बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात बैलूरच्या डोंगराळ भागात होतो. बेळगावच्या पश्चिमेस सुमारे १५–२० किमी.वर राकसकोप येथे ती अडवली आहे. या नोंदीत मुख्यतः तलावापर्यंतचा प्रवाह आणि लगतचा सखल पट्टा घेतला आहे.

नाव : नदीचे नाव मार्कंडेय ऋषींवरून पडल्याचे मानतात. कृष्णगिरी भागातून वाहणारी याच नावाची नदी वेगळी. ‘राकसकोप’ची व्युत्पत्ती वादाची आहे. लोकपरंपरा ‘राक्षसाचा कोप’ अशी फोड करते व तीवर कथा रचते. मात्र कन्नडमध्ये ‘कोप्प’ म्हणजे लहान वस्ती, आणि हा शब्द अखेरीस असलेली गावे कित्तूर-बैलहोंगलच्या बाजूस पुष्कळ आहेत. त्यामुळे उत्तरपद ‘वस्ती’ या अर्थाचे धरणे अधिक सयुक्तिक. पूर्वपद ‘राक्षस’च असावे, असे उच्चारावरून वाटते. संस्कृत ‘कोप’ मागाहून चिकटला असावा.

उगम व पाणलोट : बैलूरचा परिसर जलविभाजकावर आहे. दक्षिणेकडे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पश्चिमेकडचे पाणी अरबी समुद्राला जाते, तर मार्कंडेय ईशान्येकडे वळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यातील तुडये हे गाव राकसकोप तलावाला लागूनच असल्याने पाणलोट व राज्यसीमा यांचा मेळ बसत नाही. माथ्यावर जांभा, खाली बेसाल्ट. सच्छिद्र जांभा पहिले पाऊस पिऊन टाकतो. त्यामुळे जूनच्या आरंभी चांगल्या सरी पडूनही तलावाची पातळी हलत नाही. जमीन तृप्त झाल्यावर मात्र पातळी झपाट्याने चढते. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी १,२००–१,३०० मिमी. पाऊस पडतो, घाटमाथ्याकडे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून शहरातल्या पावसावरून तलावाचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

तलाव : १९६० च्या दशकाच्या आरंभापासून बेळगावला येथून पाणी मिळते. घटप्रभेवरील हिडकल धरणाचे पाणी नंतर आले. पूर्ण पातळी २,४७५ फूट (सुमारे ७५४ मी.) असून ती आजही फुटांतच सांगतात. हे फूट सारखे नसतात : तलाव खाली निमुळता असल्याने वरच्या एका फुटात मावणारे पाणी तळाच्या एका फुटापेक्षा पुष्कळ जास्त. मे महिन्यात उपसा तेवढाच असला तरी पातळी भरभर उतरते ती यामुळे. शिवाय बाष्पीभवन असतेच. पाणी हिंडलगा पंपिंग स्टेशनमार्गे लक्ष्मीटेकच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेतात. डेड स्टॉक (एरवी न उपसला जाणारा तळाचा साठा) वापरण्याची वेळ आली, की तळातला गाळ पाण्याबरोबर ओढला जातो आणि गाळण्या लवकर तुंबतात.

तलावाखालचा पट्टा : उचगाव, आंबेवाडी, मण्णूर, कंग्राळी या शिवारांत नदीचा उतार मंदावतो, पात्र वळणे घेते. पाण्याखाली जाणाऱ्या सखल भागात भात. वरच्या तांबड्या माळावर रताळी, कारण पाणी साचले की कंद कुजतात. काही शेतकरी धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या जमिनीत) करतात, काही रोप लावतात. पूर एक-दोन दिवसांत ओसरला तर भात तगते. आठवडाभर शेंडे बुडून राहिले, वर गाळ बसला, तर रोप कुजते आणि दुबार लावणीला तरवा (लावणीची रोपे) शिल्लक नसतो. वेस्ट वेअरचे (तलावाच्या सांडव्याचे) दरवाजे उघडणे हे पुराचे एक कारण खरे, पण सारा दोष त्यावर टाकणे बरोबर नाही. पात्रातली झुडपे, जलपर्णी आणि पावसाळ्यापूर्वी न काढलेल्या बंधाऱ्याच्या फळ्या पाणी तुंबवतात. फळ्यांना ओंडके अडकले, की बंधारा फुटत नाही, तर काठाची माती खचून नदी बाजूने वाट काढते.

पुढील प्रवाह : काकती, कडोलीवरून नदी हुक्केरी तालुक्यात जाते, तेथे शिरूरला दुसरे धरण आहे. गोडचिनमलकी येथे ती दोन टप्प्यांत कोसळते (पहिला सुमारे २५ मी.) आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते.