‘ड्रॉप फ्रेम’चा घोळ आणि डीव्हीडीवर मागे पडणारा आवाज

डीव्हीडी ऑथरिंग करताना, म्हणजे व्हिडिओपासून प्लेअरवर चालणारी डिस्क बनवताना, ओठ आणि शब्द जुळेनासे झाले की दोष बहुधा सॉफ्टवेअरला दिला जातो. दुखणे त्याहून जुने आहे. 1953 मध्ये अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरले. रंगाच्या आणि आवाजाच्या संकेतांची गाठ पडून चित्र बिघडू नये म्हणून सेकंदाला 30 फ्रेमचा वेग 29.97 वर आणला गेला. एवढ्याशा फरकाने तासाला 3.6 सेकंदांचा हिशेब चुकू लागला. तो सावरायला पुढे जी युक्ती निघाली, तिचे नाव ‘ड्रॉप फ्रेम’.

या नावाने फार नुकसान केले आहे. टाइमकोड प्रत्येक फ्रेमला क्रमांक देतो. क्रमांक सेकंदाला 30 धरून दिले, तर तासाभरात टाइमकोड घड्याळाच्या 108 फ्रेम मागे राहतो. म्हणून दर मिनिटाच्या सुरुवातीचे दोन क्रमांक वगळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला वगळायचे नाहीत. तासात अशी 54 मिनिटे, म्हणजे बरोबर 108 क्रमांक. गळतात ते क्रमांक, चित्र एकही गळत नाही. ‘ड्रॉप्ड फ्रेम’ ही मात्र खरी गळती. जुन्या टेपवरून कॅप्चर करताना, म्हणजे चित्रण संगणकात उतरवताना, हार्ड डिस्क मागे पडली की काही फ्रेम नोंदल्याच जात नसत. आवाज पूर्ण यायचा, चित्र आखूड व्हायचे आणि पुढे सरकायचे. असा व्हिडिओ हाती आला की लोक सेटिंगमधला ‘ड्रॉप फ्रेम’ पर्याय बंद करत. त्याने आवाज जुळत तर नसेच, उलट टाइमकोड पाहून ठरवलेल्या चॅप्टरच्या जागा चुकत. भारतात वापरल्या गेलेल्या, सेकंदाला 25 फ्रेमच्या पाल पद्धतीत तर या पर्यायाला अर्थच नाही.

1996 मध्ये डीव्हीडी बाजारात आली तेव्हा तिच्या प्रवाहात सेकंदाचे 90,000 भाग करणारे वेळेचे शिक्के होते; कोणते चित्र आणि कोणता आवाज कधी सुरू करायचा, ते त्यांवरून ठरे. मग बिघडले कुठे? ऑथरिंगला चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फाइलींत लागत. डीमक्स करताना, म्हणजे एकत्र प्रवाहातून ते दोन्ही वेगळे काढताना, ते शिक्के निघून जात आणि दोन्ही एकाच क्षणी सुरू होतात असे गृहीत धरले जाई. काही साधने मूळ फरक फाइलच्या नावातच लिहून ठेवत, ही मला त्या काळातली सर्वांत शहाणी सोय वाटते. फरक 80 मिलिसेकंदांचा असेल आणि एसी-3 (डीव्हीडीवरचा डॉल्बी) आवाज पुन्हा एन्कोड न करता कापायचा असेल, तर त्याची फ्रेम, म्हणजे आवाजाचा न तुटणारा तुकडा, 32 मिलिसेकंदांची असल्याने 64 किंवा 96 यांपैकी एक निवडावे लागे. राहणारी 16 मिलिसेकंदांची चूक कानाला कळत नाही.

इंटरनेटवरून उतरवलेल्या एव्हीआय फाइलींनी वेगळाच त्रास दिला. त्या रचनेत वेळेचे शिक्के नव्हतेच. त्यात बदलत्या बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला कमी-जास्त डेटा घेणारा, एमपी3 असला की अनेक साधनांचा हिशेब कोलमडे. आधी आवाज वेव्ह या न दाबलेल्या फाइलमध्ये काढून डीव्हीडीला लागणाऱ्या 48 किलोहर्ट्झवर आणणे, हाच खात्रीचा मार्ग होता.

खरा वाद झाला तो वाढत जाणाऱ्या फरकावर. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर आवाज पुढे-मागे सरकवला की काम होते. तो वाढत असेल तर आवाज ताणून चित्राच्या लांबीचा करावा, असा सल्ला सर्रास दिला गेला. फ्रेमचा वेग चुकीचा धरल्यामुळे फरक एकसारखा वाढत असेल, तर तो सल्ला बरोबर आहे. फ्रेम गळल्या असतील तर फरक पायऱ्या-पायऱ्यांनी वाढतो. तेव्हा ताणलेला आवाज पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाला जुळतो, मधे सगळीकडे चुकतो. तिथे गळतीची प्रत्येक जागा शोधून आधीची फ्रेम पुन्हा घालणे, नाहीतर तुकड्या-तुकड्याने आवाज बसवणे, एवढेच उरते. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय नाही.

टेप गेल्या, तरी हीच अडचण मोबाइलच्या चित्रणातून परत आली. त्यात फ्रेमचा वेग प्रकाशानुसार कमी-जास्त होतो आणि डिस्कला तो स्थिर लागतो. म्हणून ऑथरिंगला घेण्यापूर्वी, वेळेचे शिक्के शाबूत असतानाच, असा व्हिडिओ स्थिर वेगात बदलून घ्यावा लागतो.