पार्श्वभूमी : विश्रामबागवाड्यातली पाठशाळा

पुण्यात तुळशीबागेत खरेदीला आलेला माणूस विश्रामबागवाड्यावरून हमखास जातो. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि त्यांवरचा कोरीव सज्जा बघून हा पेशव्यांचा विलासमहाल, एवढंच त्याच्या मनात येतं. ते खोटं नाही. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधला, खर्च दोनेक लाख रुपये झाला आणि शनिवारवाडा सोडून तो इथेच राहू लागला. पण त्याचं इथलं वास्तव्य जेमतेम दशकभराचं. त्यानंतर वाड्यात शास्त्र्यांची जी पाठशाळा भरली, ती कितीतरी जास्त वर्षं टिकली.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि पुण्यातल्या विद्वान ब्राह्मणांची पंचाईत झाली. पेशवे दर श्रावणात मोठी दक्षिणा वाटत. या रमण्याला दूरदूरचे शास्त्री-पंडित येत. जिंकलेल्या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनने ही रक्कम बरीच कमी केली, पण साफ बंद केली नाही. सत्ता गमावलेला हा वर्ग बिथरू नये ही धास्ती त्याला होतीच. दक्षिणेतलाच काही पैसा विद्येकडे वळवायचा, ही कल्पना त्यातून निघाली. दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी याच वाड्यात हिंदू कॉलेज उघडलं. तेव्हा लोक त्याला पाठशाळाच म्हणत. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय, शिकवणारे शास्त्री आणि शिकणारे ब्राह्मण विद्यार्थी. इंग्रजीला तिथे थारा नव्हता. विद्याप्रेमापेक्षा यात राजकारणच अधिक होतं, असं माझं मत.

तरी राज्यकर्त्यांच्या हिशेबाबाहेरचंही बरंच घडलं. मोरशास्त्री साठ्यांच्या हाताखाली इथेच शिकलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर पुढे इंग्रजी शिकले आणि मराठी गद्याचे एक आधारस्तंभ झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातला सहकारी मेजर कँडी १८३७ पासून पाठशाळेची देखरेख करू लागला. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठीही वापरावा. सनातनी मंडळी खवळली. पण मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्यांना दक्षिणा फंडातून बक्षिसं मिळू लागली.

१८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. वाडा अपुरा पडू लागला. जीजीभाई घराण्याच्या देणगीच्या आधाराने येरवड्याला नवी इमारत उभी राहिली, १८६४ मध्ये नाव डेक्कन कॉलेज ठरलं आणि १८६८ मध्ये कॉलेज तिकडे गेलं. टिळक-आगरकर शिकले ते येरवड्याच्या इमारतीत. वाड्यातल्या वर्गांशी त्यांचं नाव जोडायचा मोह टाळलेला बरा.

कॉलेज गेल्यावरही वाडा सरकारी उपयोगात राहिला. मे १८७९ मधल्या जाळपोळीत त्याचा पूर्वेकडचा भाग जळाला. बुधवारवाडा तर त्याच रात्री पार भस्म झाला. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग पुन्हा बांधला, त्याला नगरपालिकेने आणि पुणेकरांनीही हातभार लावला. पुढे वाड्यात महापालिकेची कचेरी होती, पोस्टही होतं. येरवड्याचं कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, आणि १९३९ मध्ये भाषाशास्त्र, पुरातत्त्व यांची संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा सुरू झालं.