‘प्रीचर’चा शेवट आणि कॅसिडीच्या माफीचा वाद : पार्श्वभूमी

‘प्रीचर’ या अमेरिकी कॉमिक मालिकेचा ६६वा आणि शेवटचा अंक २००० साली आला. तेव्हापासून तिचे वाचक एका प्रश्नावर भांडत आले आहेत : कॅसिडी या पात्राला माफी मिळायला हवी होती का? मालिकेत धर्माची यथेच्छ टवाळी आहे, रक्ताचे पाट आहेत, शिव्या तर पानोपानी. शेवटी प्रत्यक्ष देवाचाच खून होतो. तरी वाद पेटला तो एका दारुड्या व्हॅम्पायरला दुसरी संधी मिळाली म्हणून. (ज्यांना मालिका अजून वाचायची आहे, त्यांनी इथेच थांबावे, पुढे शेवट उघड केला आहे.)

या वादाचे मूळ १९५४ मध्ये आहे. कॉमिकांमुळे मुले बिघडतात का, याची चौकशी त्या वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने केली. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिकांविरुद्ध रान उठवले होते. सरकारने हात घालण्याआधीच प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. मुखपृष्ठावर ‘कॉमिक्स कोड’चा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायला तयार नसत. त्या संहितेत व्हॅम्पायरना बंदी होती, कोणत्याही धर्माची खिल्ली उडवायला बंदी होती, आणि दर वेळी चांगल्याचा विजय होऊन गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असेही एक कलम होते. हे शेवटचे कलम लक्षात ठेवावे.

व्हॅम्पायरवरची बंदी १९७१ मध्ये उठली. बाकीच्या गाठी सुटल्या त्या विक्रीची पद्धत बदलल्यामुळे. सत्तरच्या दशकात फिल सूलिंग यांनी प्रकाशकांकडून थेट अंक घेऊन खास कॉमिकच्या दुकानांना पुरवायला सुरुवात केली. न खपलेले अंक परत करायचे नाहीत, त्या बदल्यात सवलत जास्त. या दुकानांना शिक्क्याशी काही घेणेदेणे नव्हते. १९८४ मध्ये डीसी या बड्या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्वॅम्प थिंग’ या भयकथांच्या मालिकेने कोडचा शिक्का सोडला. पण १९८९ मध्ये त्याच मालिकेत रिक व्हीच यांनी नायकाची गाठ येशू ख्रिस्ताशी घालून देणारी कथा लिहिली, तेव्हा डीसीने ऐनवेळी ती रोखली आणि व्हीच मालिका सोडून गेले. १९९३ मध्ये कॅरेन बर्गर यांच्या संपादनाखाली ‘व्हर्टिगो’ ही प्रौढांसाठीची शाखा निघाली आणि १९९५ मध्ये त्याच डीसीने ‘प्रीचर’ बाजारात आणले. सहा वर्षांत केवढा पल्ला!

लेखक गार्थ एनिस उत्तर आयर्लंडचे, चित्रकार स्टीव्ह डिलन इंग्लंडचे. दोघे ब्रिटिश साप्ताहिकांच्या तालमीत तयार झालेले. कथेतला टेक्सास हा एनिस यांच्या मनात वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे, सिनेमे पाहून उभा राहिलेला आहे. नायक जेसी कस्टर हा धर्मोपदेशक. त्याच्या अंगात अशी शक्ती शिरते की त्याने आज्ञा केली की समोरच्याने ती पाळलीच पाहिजे. जबाबदारी टाकून पळालेल्या देवाला जाब विचारायला तो निघतो. सोबत प्रेयसी ट्युलिप आणि आयरिश व्हॅम्पायर कॅसिडी. जेसीच्या खिशात बापाचा लायटर असतो, व्हिएतनाममध्ये वेस्टर्न सिनेमांचा नट जॉन वेन याने दिलेला. आणि डोक्यात बापाचे सांगणे : चांगल्या माणसांत राहा, वाईट माणसे आधीच फार झालीत. एवढ्या उद्धट मालिकेचा कणा इतका जुन्या वळणाचा आहे, आणि माझ्या मते तीच तिची ताकद आहे.

डिलन यांची चित्रे बघताना एक गोष्ट जाणवते. चौकटीमागून चौकट ते नुसते दोन चेहरे काढतात, बारमध्ये समोरासमोर बसलेले. बदलतो तो एखाद्या भुवईचा कोन. त्या गप्पांमधूनच वाचकांचा कॅसिडीवर जीव जडला. म्हणून, त्याने बायकांना मारहाण केली आहे, मित्रांना खड्ड्यात घातले आहे, हे पुढे उलगडत गेले तेव्हा फसवणूक जेसीइतकीच वाचकाचीही झाली.

टेक्सासमधल्या अलामो या ऐतिहासिक गढीसमोर जेसी आणि कॅसिडीची शेवटची मारामारी होते आणि कॅसिडी स्वतःहून उन्हात जाऊन जळतो. इथेच मालिका थांबली असती तर १९५४चे कलमही समाधानी झाले असते. पण जेसी आणि कॅसिडी दोघेही मरणातून परत येतात. जेसी ट्युलिपला घोड्यावर घेऊन निघून जातो. कॅसिडी काळा चष्मा काढून मावळता सूर्य पाहतो आणि आता माणसासारखे वागून बघायचे ठरवतो. काहींना हा शेवट गोडगोड वाटला. एवढी तोडफोड करून अखेर घोडा आणि सूर्यास्तच? आणि ज्यांच्यावर कॅसिडीने हात उचलला, त्या बायकांचे काय, हा आक्षेप तर आजही तितकाच बोचतो. बाजूने बोलणारे म्हणतात की बापाच्या त्या वाक्याला जागायचे, तर जेसीच्या मित्राला सुधारायची वाट मिळायलाच हवी. मी या बाजूचा आहे. कोडच्या काळात असा गुन्हेगार शिक्षेविना सोडणे शक्यच नव्हते. एनिस यांनी मिळालेले स्वातंत्र्य देवाला मारण्यासाठी वापरले, तसे माफी देण्यासाठीही वापरले, आणि दुसरे काम जास्त अवघड होते.

भावना एवढ्या तीव्र असण्याला आणखी एक कारण आहे. सुपरमॅनसारख्या अमेरिकी मालिकांना शेवट नसतोच. त्यामुळे ठरवून संपणारी मालिका, जशी १९९६ मध्ये ७५ अंकांवर थांबलेली ‘सँडमन’, ही वाचकांना तुलनेने नवीनच होती. त्यात अंकाच्या मागे वाचकांची पत्रे छापण्याची जुनी रीत. साठच्या दशकात संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रलेखकांचे पूर्ण पत्तेही छापत, त्यातून वाचक एकमेकांना लिहू लागले. पण ६६व्या अंकानंतर ६७वा नव्हता. शेवटावरची पत्रे छापायला पानच उरले नाही, आणि तो वाद दुकानांच्या काउंटरवर आणि इंटरनेटवर गेला.

एएमसी वाहिनीवरची ‘प्रीचर’ मालिका २०१९ मध्ये संपली, तेव्हा तिथे कॅसिडीचे नशीब बदलले होते. जेसी आणि ट्युलिप यांच्या मृत्यूनंतर तो त्यांच्या कबरीवर येतो आणि मग उन्हात चालत जातो. कॉमिकच्या वाचकांनी लगेच दोन्ही शेवट शेजारी ठेवले आणि जुने भांडण नव्याने सुरू केले.