जुनी स्पोर्ट्स कार सातारा-सांगलीत कशी टिकली

आता एमजी म्हटलं की पोरांना हेक्टर गाडी आठवते, पण मूळ एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं गाड्या विकायचं दुकान. तिथल्या सेसिल किंबर या मॅनेजरनं 1920 च्या दशकात साध्या मॉरिसवर हलकी बॉडी चढवून स्पोर्ट्स गाड्या करायला सुरुवात केली. युद्ध संपल्या संपल्या 1945 ला एमजीचं टीसी हे मॉडेल आलं, 1250 सीसी, 54 हॉर्सपॉवर आणि बॉडीचा सांगाडा चक्क लाकडी. असल्या गाड्या आपल्याकडं आल्या त्या संस्थानिक आणि गोऱ्या साहेबांबरोबर, पुढं 50 च्या दशकात आयातीवर निर्बंध आले, जनरल मोटर्सनं पण मुंबईतला कारखाना 1954 ला गुंडाळला, मग आल्या होत्या त्याच हातोहात फिरत राहिल्या, पार्ट मात्र बंद.

हे सगळ्या देशात झालं. आपल्या भागात फरक एवढाच की पार्ट मिळत नसेल तर करून घ्यायचा ही सवय आधीपासून होती, आणि ती गाडीवाल्यांमुळं नाही, विहिरीवरच्या इंजिनामुळं. 1910 ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या जागेवर किर्लोस्करवाडी वसवली, आधी नांगर, मग पंप. 1922 ला धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला, तिथंपण नांगरापासून सुरुवात आणि पुढं डिझेल इंजिन. (हेच कूपर 1937 ला तीनेक महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते, साताऱ्यात आज किती जणांना माहितीय देव जाणे.) ऐन उन्हाळ्यात ऊस वाळत असताना इंजिन बंद पडलं तर शेतकरी थांबत नाही, त्यामुळं लायनर बसवणं, क्रँक ग्राइंडिंग, बुश टर्न करणं ही झिजलेलं इंजिन परत मापात आणायची कामं तालुक्याच्या गावाला जमायलाच लागली.

टीसीला नेमका असलाच टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर लागतो. मॉरिसनं 1923 ला कव्हेंट्रीतली हॉचकिस या फ्रेंच कंपनीची इंजिन फॅक्टरी घेतली, मशिनरी फ्रेंच मापाची, म्हणून टीसीच्या इंजिनातही आटे मेट्रिक राहिले, पण बोल्टची डोकी ठेवली व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची, इंग्लिश मेकॅनिकच्या पान्यासाठी. म्हणजे साधा पाना लावला की कडा गोल. वर हार्डवेअरच्या दुकानातला 8 एमएमचा बोल्ट सव्वा एमएम पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर, आणि याला पाहिजे एक एमएमचा, तो पहिले एकदोन आटे गुपचूप जातो आणि मग अडकतो, तिथं कुणी जोर लावला की ब्लॉकमधले आटे गेले म्हणून समजा. त्यामुळं नमुना घेऊन लेथवर जायचं, दुसरा इलाज नाही.

ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं, कारण ती ट्रायम्फच्याच हेराल्ड या साध्या गाडीवर बेतलेली आणि हेराल्ड 1961 पासून मद्रासला बनायची. फक्त पुढच्या सस्पेन्शनच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक वळतं त्या खालच्या सांध्यात, ग्रीस भरू नका, तिथं ईपी 90 गिअर ऑइलच लागतं. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, ते कोरडे चालून झिजतात आणि एक दिवस चाक आडवं.

मग पेट्रोल बदललं. 2000 ला देशभर शिसं बंद झालं, शिशानं व्हॉल्व सीटची, म्हणजे व्हॉल्व जिथं टेकतो त्या कड्याची झीज थांबायची, म्हणून इंजिनाचं हेड उघडलं की लोक कडक सीट बसवून घेतात. आता 20 टक्के इथेनॉल, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच उसाचं! जुने रबरी होज, कॉर्कचे वॉशर त्यात खराब होतात. साखर कारखान्याचा सभासद असलेला गाडीमालक कुणाला शिव्या देणार?

2021 ला केंद्रानं व्हिंटेजचे नियम काढले, 50 वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी, व्हीए सिरीजचा नंबर, नवीन नोंदणीला 20,000 रुपये. पण त्या नंबरवर गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मनात आलं आणि पसरणी घाट चढून महाबळेश्वरला निघालो, हे त्यात बसत नाही. ज्याला तसं फिरायचंय त्यानं आहे तो जुना नंबर जपावा, दर 5 वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून रिन्यू करून घ्यावा, आणि घाटाला सकाळी गार असतानाच लागावं, कारण उन्हात चढावर कार्ब्युरेटरपाशी पेट्रोलची वाफ झाली की गाडी थंड होईपर्यंत हलत नाही.