तीन सालांचं एक इंजिन

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांचे शाफ्ट आणि गिअर दुरुस्त करणारं एक टर्निंगचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात वडिलांच्या बुलेटचं सिलिंडर आणि नवा पिस्टन घेऊन मी तिथे गेलो. तिथले टर्नर अण्णा. त्यांनी सिलिंडरमध्ये आतला व्यास मोजणारं डायल गेज सोडलं, वर, मध्ये, खाली फिरवून पाहिलं. पिस्टनला मायक्रोमीटर लावला आणि दोन्ही वस्तू टेबलावर लांब लांब ठेवल्या. "बसतंय की सर," ते म्हणाले, "पण जुळत नाही."

त्याआधी दोन वर्षांपूर्वी हेच इंजिन दुसरीकडे भरून घेतलं होतं, ते निव्वळ 'बसतंय' एवढ्या भरवशावर. तुळजापूर रस्त्याला तामलवाडीच्या अलीकडे चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम अडकलं. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून निभावलं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं तर पिस्टनच्या दोन्ही अंगांना उभे ओरखडे, आणि सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियमचे पट्टे चिकटलेले.

जुन्या बुलेटच्या बाबतीत हा घोळ होणं साहजिक आहे. १९५५ पासून मद्रासला या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या, आणि ३५० बुलेटच्या कास्ट आयर्न इंजिनाचं मूळ माप पुढची कित्येक दशकं तेच राहिलं: बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९०. गणित केलं तर ३४६ सीसी. माप एक, नाव एक, म्हणून कुठल्याही सालाचा भाग कुठल्याही इंजिनात घालायची सवय लागली. माझ्या इंजिनाची केस, म्हणजे खालचं दोन भागांचं कवच, सत्तरच्या दशकातली, सिलिंडर भंगारातून आणलेलं नव्वदीतलं आणि पिस्टन आज दुकानात मिळणारा.

सुटे भाग अदलाबदल करता येतात ही गोष्ट एके काळी चमत्कार वाटायची. १९०८ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सोडवून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या आणि प्रत्येक ५०० मैल पळवली. पण त्या तिन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या, एकाच मापपद्धतीने बनलेल्या होत्या. आपण तीन वेगवेगळ्या दशकांचे भाग एकत्र आणतो. तेव्हा कारखान्याने केलेली मोजणी आपल्याला नव्याने करावी लागते.

पहिला प्रश्न उष्णतेचा. ७० मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १५० अंशांनी तापला तर साधारण ०.२ मिमी फुगतो. बाहेरचं बीडाचं सिलिंडर १०० अंशांनी तापून जेमतेम ०.०८ मिमी मोठं होतं. म्हणजे गाडी तापत जाते तशी दोघांमधली जागा कमी होत जाते. ही तफावत सांभाळायला पिस्टन मुळातच सरळ नळकांड्यासारखा नसतो. माथ्याकडे, जिथे जाळ लागतो, तिथे तो बारीक असतो, आणि किंचित लंबगोल. म्हणून त्याचं माप गजन पिनला (पिस्टनमधून आडव्या जाणाऱ्या पिनेला) काटकोनात, स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराच्या, तळाकडे घ्यायचं. माथ्यावर घेतलेलं माप फसवतं. शिवाय सगळे पिस्टन सारखे फुगत नाहीत. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन जितकं जास्त, तितकं प्रसरण कमी. सिलिंडर एकच असलं, तरी पिस्टनचा धातू बदलला की सोडायची जागा बदलते.

आपल्याकडचे टर्नर अजून 'थाऊ'मध्ये बोलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी. माझ्या सिलिंडरात दोनच थाऊ जागा होती. अण्णांनी चार मागितले आणि होनिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, दिले. त्यात सोलापूरचा मे महिना आहेच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून (फिन्स) बाहेर पडते ती हवेच्या आणि धातूच्या तापमानातल्या फरकामुळे. २५ अंशांच्या जागी ४३ अंशांची हवा लागली की सिलिंडरही साधारण तितकंच जास्त तापून बसतं.

दुसरी मोजणी घरच्या घरी झाली, आणि मला सगळ्यात आवडली तीही हीच. पिस्टन अगदी माथ्यावर आणला, त्याच्या कडेला ग्रीस लावलं, हेड बसवलं आणि प्लगच्या भोकातून सिरिंजने पातळ तेल सोडलं. काठाला येईपर्यंत ५९ मिली गेलं. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवलेला असल्यामुळे माझं इंजिन आता ३५१ सीसीचं आहे. ३५१ ला ५९ ने भागून एक मिळवला की ६.९५, हे झालं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. मूळ आकडा ६.५. नव्या पिस्टनचा माथा पिनपासून थोडा उंच आहे, त्याचा हा परिणाम. आजच्या पेट्रोलला ६.९५ सहज झेपतं, त्यामुळे तेवढ्यासाठी मी काही केलं नसतं.

पण नंतर मातीची चाचणी केली. लहान मुलांची खेळायची माती पिस्टनच्या माथ्यावर थापली, हेड बसवलं, किक हाताने दाबत इंजिन सावकाश दोन फेरे फिरवलं आणि परत उघडलं. मातीत दोन्ही व्हॉल्व्हचे ठसे उमटले होते. एक्झॉस्टच्या कडेला माती ब्लेडने कापून मोजली: ०.८ मिमी. एवढी जागा फार कमी; वेगात व्हॉल्व्हची स्प्रिंग जरा मागे पडली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. सिलिंडरखाली सव्वा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट घातली. जागा दोन मिमीच्या वर गेली आणि कॉम्प्रेशनही ६.५ च्या आसपास आलं. सिलिंडर उचललं गेलं तेवढे पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, आखूड पडले. ते खालच्या ॲडजस्टरने भरून निघालं.

वजनाकडे मात्र फार थोडे लोक बघतात. ४५०० आरपीएमला पिस्टन सेकंदाला ७५ वेळा वर जाऊन उलटा फिरतो. त्या वळणावर त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट असतो. नवा पिस्टन जुन्यापेक्षा २० ग्रॅमने जड असला, तर क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, दर फेऱ्याला २० किलोचा जास्तीचा ओढा येतो. फ्लायव्हीलमधलं प्रतिवजन मूळ पिस्टनच्या हिशोबाने ठेवलेलं असतं, म्हणून हँडल आणि फूटरेस्ट थरथरायला लागतात. वीस रुपयांत किराणा दुकानाच्या काट्यावर हे कळतं, पण कुणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आटे. जुन्या बुलेटचे आटे इंग्लिश मापाचे. पाव इंची बोल्टला इंचात २६ आटे, म्हणजे एका आट्याचं अंतर ०.९७७ मिमी. बाजारातल्या ६ मिमी बोल्टचं अंतर १ मिमी. दोन्ही इतके जवळचे की ६ मिमीचा बोल्ट पाव इंची भोकात आरामात जातो, आवळलाही जातो. पण तो ०.३५ मिमीने बारीक असतो, आट्यांच्या नुसत्या टोकांना धरतो, आणि दर आट्यागणिक सरकत जाणारा फरक मऊ ॲल्युमिनियम खातो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आटे बाहेर. माझ्या केसच्या दोन भोकांची तीच गत झाली होती; तिथे बुश करून घेतले.

केसच्या बाबतीत मात्र तडजोड नको. डावी आणि उजवी बाजू जोडून एकत्रच मशीन केलेली असते. दोन गाड्यांचे दोन अर्धे जोडले तर क्रँकच्या दोन्ही बेअरिंगांचा मध्य एका रेषेत राहीलच असं नाही. नशिबाने माझ्या दोन्ही बाजू मूळच्याच आहेत.

आतापर्यंत ३०० किलोमीटर झालेत, सगळे पहाटेचे, साठच्या आत. थंड इंजिनावर टॅपेटचं झाकण काढून पुशरॉड दोन बोटांनी फिरवून बघतो; मोकळा फिरतो, वरखाली हलत नाही. ५०० झाले की तेल बदलायचं, हेडचे नट पुन्हा आवळायचे आणि मग एकदा तुळजापूरला जाऊन यायचं.