सातारा गॅझेटात आपलं नाव सापडंल का?

2025 च्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनात निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटच्या जोडीनं सातारा गॅझेटचं नाव निघालं आणि तेव्हापास्नं वाईपासून विट्यापर्यंत प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विचारणा, आपल्या खापरपणजोबांची नोंद त्यात हाय का. नाही, नसणारच. ते गॅझेट म्हणजे 1885 साली छापलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा साताऱ्याचा खंड, जेम्स कॅम्पबेल नावाच्या साहेबानं तयार करून घेतलेला, आणि त्यातले लोकसंख्येचे आकडे 1881 च्या खानेसुमारीचे, म्हणजे जनगणनेचे. माणसांची नावं नाहीत, जातवार बेरजा आहेत. त्यात कुणबी या मथळ्याखाली मराठेही धरलेत, आणि कुणबी ओबीसीत येतात म्हणून सगळा वाद त्या एका मथळ्यावर उभाय.

सांगलीकरांनी एक ध्यानात घ्यावं, तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे साताऱ्याचे तालुके, आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानं जिल्ह्याच्या बाहेर. 1949 ला दक्षिण सातारा झाला, 1960 ला त्याचं सांगली नाव पडलं. म्हणजे इस्लामपूरवाल्याला सातारा गॅझेट लागू होतं पण सांगली शहरातल्या माणसाला तसंच लागू होईल असं धरून चालू नका.

जनगणनेत सगळ्यांची जात मोजणं 1931 पर्यंत चाललं. 1941 ला लोकांना विचारलं पण युद्धाच्या गडबडीत त्याचे तक्ते काही निघाले नाहीत, आणि स्वातंत्र्यानंतर 1951 पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजायच्या ठरलं. त्यामुळं ओबीसी आरक्षणाची शिफारस करणाऱ्या मंडल आयोगालासुद्धा ओबीसींचा अंदाज बांधताना 1931 च्याच आकड्यांवर जावं लागलं, अर्धं शतक जुन्या!

आणि रकाना बदलला की माणसं कशी गायब होतात ते बघायचं तर बौद्धांचं बघा. 1951 ला महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध अडीच हजाराच्या आतबाहेर, 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि 1961 ला आकडा जवळपास 28 लाख. गावं तीच, घरं तीच, फक्त धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं की अनुसूचित जातीत मोजणी बंद. 1990 ला कायदा बदलून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं, मग राज्यातलं अनुसूचित जातींचं प्रमाण 1981 च्या 7 टक्क्यांवरून 1991 ला एकदम 11 वर. एवढी काय पोरं जन्माला आली नव्हती.

आता ज्यांना खरंच नाव पाहिजे त्यांनी तहसीलला जाऊन गाव नमुना 14 मागावा, कोतवाल बुक म्हणतात ते. जन्म-मृत्यूच्या नोंदी, बापाचं नाव, जात, सगळं मोडी लिपीत, कुठं कुणबीऐवजी नुसतं 'कु.' लिहिलेलं, पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं मोडी वाचणाऱ्यांना सध्या चांगला भाव आलाय. जनगणनेचा वैयक्तिक फॉर्म मात्र 1948 च्या कायद्यानं गोपनीय, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही.

2027 च्या जनगणनेत पुन्हा सगळ्यांची जात विचारणार आहेत. दाखला कुणी मागणार नाही, आपण सांगू ते लिहून घेणार. आमच्या भागात एका भावकीत काहींकडं कुणबी दाखला आणि बाकीचे मराठा अशी घरं आहेतच, तिथं कोण काय सांगतंय ते आत्ताच कुणाला ठाऊक नाही, आणि भावकीत विचारायची सोयही नाही.